ॲटनबरो हे आडनाव आलं कुठून आणि टिकलं कसं?

नदीकाठ (धागाकर्ता)

इंग्लंडच्या मध्यभागी, नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला ट्रेंट नदीच्या काठी ॲटनबरो नावाचं गाव आहे. जुनं चर्च, त्याचा निमुळता मनोरा, रेल्वेचं छोटंसं स्टेशन आणि गावाला खेटून पाण्याची मोठमोठी तळी. ही तळी मूळची नाहीत. १९२९पासून इथे वाळू आणि खडी उपसली गेली, खड्ड्यांत पाणी साठलं आणि हळूहळू पक्षी येऊन राहिले. १९६६ साली तिथे अभयारण्य झालं. त्याचं उद्घाटन केलं निसर्गावरच्या माहितीपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेव्हिड ॲटनबरो यांनी.

गावाचं आणि पाहुण्याचं नाव एकच, हा गमतीचा योगायोग म्हणून सांगितला जातो. मला तो योगायोग वाटत नाही. का, ते सांगायलाच हा धागा काढला आहे.

डेव्हिड यांचा जन्म लंडनजवळच्या आयलवर्थचा, बालपण लेस्टरचं. पण त्यांचे वडील फ्रेडरिक १८८७ साली जन्मले ते स्टेपलफर्डमध्ये, एका बेकरीवाल्याच्या घरात. नकाशा उघडून पाहा. स्टेपलफर्ड ते ॲटनबरो हे अंतर जेमतेम चार किलोमीटर भरतं. इंग्लंडात आडनावं रूढ होऊन पाचशे-सहाशे वर्षं उलटल्यावरही या घराण्याची एक फांदी आपल्या नावाच्या गावापासून तासाभराच्या पायवाटेवर राहत होती!

थोडी पार्श्वभूमी सांगतो. इंग्लंडात १०६६च्या नॉर्मन स्वारीनंतर आधी सरदार-जमीनदारांनी वंशपरंपरेने चालणारी आडनावं घेतली. ती प्रथा दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि वाड्यांतून झोपड्यांकडे सरकत गेली. साधारण १४००पर्यंत बहुतेक इंग्रज कुटुंबांना आडनाव चिकटलं होतं. कुणाला धंद्यावरून, कुणाला बापाच्या नावावरून, कुणाला अंगकाठीवरून आणि फार मोठ्या संख्येने लोकांना गावावरून. गावावरून पडलेलं आडनाव बहुतेकदा गाव सोडलेल्या माणसाला मिळे. गावात राहणाऱ्या सगळ्यांनाच 'ॲटनबरोचा' म्हणून काय उपयोग? तो माणूस शेजारच्या गावात जाऊन राहिला की तिथे त्याची ओळख 'तो ॲटनबरोचा' अशी होई.

१८८१च्या जनगणनेच्या नोंदी स्वयंसेवकांनी अक्षरशः एकेक नाव वाचून उतरवून काढल्या आहेत, त्यामुळे त्या वर्षी कुठलं आडनाव कुठे होतं याचे नकाशे काढता येतात. स्मिथचा नकाशा काढला तर सगळा देश रंगतो. ॲटनबरोचा काढला तर गडद ठिपका पडतो नॉटिंगहॅमशायरवर आणि त्याला लागून असलेल्या डर्बीशायरच्या बाजूला.

मला चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. लेस्टर विद्यापीठातल्या ट्युरी किंग आणि मार्क जोबलिंग यांनी २००९ साली ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांच्या वाय गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आणि तिथे आडनावही तसंच जातं, म्हणून ही जोडी लावून पाहायची. त्यात ॲटनबरो होतं. ॲटनबरो पुरुषांपैकी दहातल्या जवळपास नऊ जणांचं वाय गुणसूत्र एकाच प्रकारचं निघालं. म्हणजे वेगवेगळ्या गावांत राहणारे, एकमेकांना कधी न भेटलेले हे लोक मागे मागे जात एकाच पुरुषापाशी पोचतात.

त्या पुरुषाचं नाव कुणाला ठाऊक नाही. तो मोठा माणूस असण्याचंही काही कारण नाही. पण त्याला मुलगे झाले, त्या मुलग्यांना मुलगे झाले, आणि बाकीच्यांची नावं पुसली गेली. ही गोष्ट मला राजांच्या वंशावळ्यांपेक्षा जास्त ओढून घेते. तुम्हाला काय वाटतं?


सांजवात

फार छान धागा. एक भाबडी शंका विचारते. इतकं दुर्मीळ आडनाव आणि इतकी प्रसिद्ध माणसं, तेव्हा हे घराणं मुळात तिथलं जहागीरदार वगैरे होतं का?


नदीकाठ

सांजवातताई, शंका भाबडी नाही, बहुतेकांना हेच वाटतं. दुर्मीळ म्हणजे उच्चकुलीन असं समीकरण मनात बसलेलं असतं. प्रत्यक्षात फ्रेडरिक बेकरीवाल्याचा मुलगा. शिक्षक झाले, केंब्रिजला जाऊन जुन्या इंग्रजीचे अभ्यासक झाले. इंग्लंडच्या सर्वांत जुन्या राजांच्या कायद्यांचं त्यांनी केलेलं संपादन १९२२ साली छापलं गेलं. १९३२ ते १९५१ ते लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे (म्हणजे आजच्या लेस्टर विद्यापीठाचे) प्राचार्य होते. प्रसिद्धी आली ती त्यांच्या पिढीपासून पुढे. त्याआधीच्या पिढ्यांची इतिहासात नोंद सापडते ती बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांपुरती.


शब्दवेल्हाळ

लेख आवडला, पण एक गोष्ट तुम्ही गृहीत धरून पुढे गेलात. हे आडनाव त्या गावावरूनच आलं कशावरून?

मध्ययुगीन इंग्रजीत 'ॲटन' म्हणजे 'त्या अमक्यापाशी'. त्यावरून कितीतरी आडनावं तयार झाली. ओक वृक्षांपाशी राहणारा तो 'ॲटन ओक्स', त्याचा पुढे नोक्स झाला. ॲश वृक्षापाशी राहणारा 'ॲटन ॲश', त्याचा नॅश. कुरणापाशी राहणारा ॲटली. मग 'ॲटन बरो', म्हणजे गढीपाशी किंवा तटबंदीच्या वस्तीपाशी राहणारा, असं का नसावं? अशा गढ्या इंग्लंडभर होत्या. तसं असेल तर हे आडनाव दहा ठिकाणी दहा जणांना स्वतंत्रपणे पडू शकतं आणि तुमच्या गावाशी त्याचा संबंध उरत नाही.


नदीकाठ

उत्तम मुद्दा. आडनावांच्या कोशांत या दोन्ही व्युत्पत्ती दिलेल्या असतात. गावाच्या नावाची फोड वेगळी आहे, ते 'अड्डा' किंवा तशाच नावाच्या कुणा जुन्या सॅक्सन माणसाची गढी असं सांगतात. म्हणजे दोन्ही वाटांनी शेवटी हाच उच्चार येतो. नुसता शब्द हातात घेऊन बसलं तर निकाल लागत नाही.

पण शब्दाच्या बाहेर दोन पुरावे आहेत. पहिला नकाशा. 'गढीपाशी राहणारा' असं आडनाव जागोजागी पडलं असतं तर १८८१चे ठिपके इंग्लंडभर विखुरलेले दिसले असते. ते एका गावाभोवती गोळा झालेत. दुसरा पुरावा गुणसूत्रांचा. दहा ठिकाणच्या दहा मूळपुरुषांपासून आडनाव सुरू झालं असतं तर दहा प्रकारची वाय गुणसूत्रं थोड्याफार प्रमाणात दिसली असती. इथे एकाच प्रकाराने जवळपास सगळं पान व्यापलंय. मी गावाच्या बाजूने आहे.


शब्दवेल्हाळ

नकाशाचा मुद्दा पटला. गुणसूत्रांचा अर्धाच पटला. गावावरून आडनाव पडतं तेव्हा तरी एकच मूळपुरुष असायचं काय कारण? ॲटनबरोहून दोन-तीन पिढ्यांत पाच वेगवेगळी कुटुंबं बाहेर पडली असतील, त्या पाचांनाही हेच नाव पडलं असेल. मग बाकीचे चार कुठे गेले?


बीजगणित

बाकीचे चार कुठे गेले याचं उत्तर गणितात आहे, आणि ते फार सुंदर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१८७३ साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञांनी शिक्षकांच्या एका नियतकालिकात गणिती कोडं घातलं. जुनी नामांकित घराणी नामशेष होताना दिसतात, ती खरोखर काही दुबळेपणामुळे की निव्वळ योगायोगाने? हेन्री विल्यम वॉटसन या पाद्र्यांनी त्याचं उत्तर मांडलं आणि दोघांनी मिळून त्यावर निबंध प्रसिद्ध केला. आजही ही पद्धत गाल्टन-वॉटसन प्रक्रिया म्हणून शिकवली जाते. (वॉटसनचा निष्कर्ष पूर्ण बरोबर नव्हता. त्याला वाटलं प्रत्येक आडनाव शेवटी नष्टच होणार. प्रत्यक्षात दर पुरुषामागे सरासरी एकापेक्षा जास्त मुलगे वयात येत असतील तर काही आडनावं कायमची टिकू शकतात.)

आता आकडे मांडून पाहू. समजा प्रत्येक पुरुषामागे, मोठं होऊन आडनाव पुढे नेणारा, सरासरी बरोबर एक मुलगा आहे. कुणाला एकही नाही, कुणाला एक, कुणाला तीन, पण सरासरी एक. ही विभागणी पॉइसाँच्या सूत्राने होते असं धरा. शंभर वेगवेगळ्या आडनावांचे शंभर पुरुष घ्या. पहिल्याच पिढीनंतर साधारण ३७ आडनावं संपतात. दुसरीनंतर ५३. दहाव्या पिढीनंतर ८४. विसाव्या पिढीनंतर सुमारे ९१.

वीस पिढ्या म्हणजे सहाशे-सातशे वर्षं. कुणीही दुबळं नव्हतं, कुणाचं काही चुकलं नव्हतं, तरी शंभरातले एक्क्याण्णव गेले. आणि जे नऊ उरले त्यांच्याकडे मिळून पुन्हा शंभरच पुरुष आहेत, म्हणजे सरासरी एका आडनावामागे अकरा.

यात प्लेग धरलेलाच नाही. १३४८-४९च्या काळ्या मृत्यूने इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी लोकसंख्या नेली, आणि हा नेमका आडनावं स्थिरावण्याचा काळ. शब्दवेल्हाळ, तुमची पाच कुटुंबं खरीच असतील असं मानलं तरी आज त्यांतलं एकच उरणं हे नवल नाही. ते घडण्याचीच शक्यता जास्त.


सांजवात

बीजगणित, असं शाळेत कुणी शिकवलं असतं तर! म्हणजे शास्त्रज्ञांनाही खात्रीने 'मूळपुरुष एकच होता' म्हणता येत नाही, 'आज उरलेल्यांचा एकच' एवढंच म्हणता येतं, बरोबर?


बीजगणित

अगदी बरोबर. किंग आणि जोबलिंगही हेच म्हणतात. इतरांनी हे नाव घेतलं असेल, पण त्यांना मुलीच झाल्या असतील किंवा मूलबाळच झालं नसेल.


कोकणकडा

वाचता वाचता आपल्या 'कर' आडनावांची आठवण झालीच. पण माझ्या ओळखीत एकाच गावाचं 'कर' लावणारी, परस्परांत लग्नं होणारी वेगवेगळ्या जातींची घरं आहेत. तिथे तपासणी केली तर एका आडनावात भरपूर प्रकार निघतील. आपल्याकडे कुळ आणि गोत्र वेगळं सांभाळलं जातं, त्यामुळे आडनाव एकच म्हणून कुणी भाऊबंद समजत नाही.


नदीकाठ

कोकणकडा, म्हणूनच तुलना इथेच सोडलेली बरी. त्या गावातून बाहेर पडलेले थोडे आणि टिकलेले त्याहून थोडे, हा ॲटनबरोचा विशेष. 'परस्परांत लग्नं न होणारी' म्हणायचं होतं ना तुम्हाला?


कोकणकडा

हो हो, 'न' राहिला. धन्यवाद.


लेस्टरकर

मी गेली बरीच वर्षं लेस्टरमध्ये आहे. या धाग्यातली निम्मी माणसं याच शहराशी जोडलेली आहेत हे कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितोय.

प्राचार्य फ्रेडरिक ॲटनबरो यांना फोटोग्राफीचा नाद होता. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स हे इंग्लंडच्या स्थानिक इतिहासाचे मोठे अभ्यासक, त्यांच्या पुस्तकांसाठी फ्रेडरिक यांनी फोटो काढून दिले. हॉस्किन्स यांनी १९४८ साली लेस्टरला स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग उभा केला. साठच्या दशकात त्याच विभागात इंग्लिश आडनावांची पाहणी सुरू झाली. एकेका परगण्याची कर-यादी, न्यायालयाचे कागद, चर्चच्या वह्या चाळून आडनावं कुठे उगवली ते शोधायचं. पहिला खंड यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगवरचा, जॉर्ज रेडमंड्स यांचा, १९७३चा.

मग १९८४ साली याच विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना डीएनए ठशांची पद्धत सापडली. आणि त्याच विद्यापीठात पुढे किंग आणि जोबलिंग यांनी आडनावं आणि गुणसूत्रं एकत्र आणली. कागद चाळणारे आणि प्रयोगशाळेतले एकाच आवारात होते, हे या कामाचं खरं बळ. विद्यापीठाचा अठरा मजली ॲटनबरो टॉवर रेल्वेतूनही दिसतो. ज्या घराण्याचं नाव इमारतीवर, त्याच नावाची तपासणी त्याच आवारात झाली!


पेशीकेंद्र

प्रयोगशाळेत काम करते, म्हणून काही गोष्टी स्पष्ट कराव्याशा वाटतात.

'एकाच प्रकारचं गुणसूत्र' म्हणजे काय? वाय गुणसूत्रावर ठरावीक जागी डीएनएचा एखादा छोटा तुकडा लागोपाठ पुन्हा पुन्हा येतो. कुणात तो तेरा वेळा, कुणात चौदा. अशा बऱ्याच जागांची मोजणी करून आकड्यांची एक ओळ तयार होते. बाप-लेकांत ती ओळ बहुधा जशीच्या तशी उतरते. अनेक पिढ्यांत एखादा आकडा एकाने वाढतो किंवा घटतो. त्यामुळे दोन पुरुषांच्या ओळी किती जुळतात त्यावरून त्यांचा समान पूर्वज साधारण किती पिढ्यांमागे होता याचा अदमास लावता येतो. २००९च्या अभ्यासात दुर्मीळ आडनावांचे असे गट साधारण सातशे वर्षांच्या आतल्या पूर्वजाकडे जात होते. आडनावं रुजली तो हाच काळ. ग्रूकॉक, वॉड्सवर्थ, केटली, रेव्हन्सक्रॉफ्ट अशी आडनावं यात होती. उलट स्मिथ किंवा किंग आडनावाचे दोन पुरुष घेतले तर त्यांची गुणसूत्रं रस्त्यावरच्या कुठल्याही दोघांइतकीच जुळतात किंवा जुळत नाहीत. लोहार गावोगाव होते, त्यामुळे स्मिथ गावोगाव जन्मले.

या विषयाची सुरुवात मात्र ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी केली. २००० साली त्यांनी स्वतःच्याच आडनावाचे ४८ पुरुष तपासले आणि त्यांतल्या २१ जणांत तीच ओळ सापडली. साइक्स हे पश्चिम यॉर्कशायरचं आणि बऱ्यापैकी पसरलेलं आडनाव. ते अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुरू झालं असंच आधी मानलं जात होतं, म्हणून हा निकाल गाजला.

न जुळणारे जे दहातले एक-दोन उरतात त्यांच्याबद्दल घाईने काही बोलू नये. दत्तक मूल, आईचं आडनाव लावणारं मूल, मालमत्तेसाठी सासऱ्याचं आडनाव घेतलेला जावई, विधवेचा दुसरा नवरा, आणि हो, विवाहबाह्य संबंधही. त्या अभ्यासात याचं प्रमाण दर पिढीला फार थोडं निघालं. पण थोडं थोडं वीस पिढ्या साचत गेलं की दिसू लागतं.

आणखी एक. २००७ साली याच गटाने यॉर्कशायरमधल्या एका दुर्मीळ आडनावाचे १८ पुरुष तपासले. त्यांतल्या ७ जणांचं वाय गुणसूत्र पश्चिम आफ्रिकेतल्या एका अतिशय जुन्या शाखेचं होतं. हे सगळे दिसायला गोरे, स्वतःला पिढ्यान्‌पिढ्यांचे यॉर्कशायरचे समजणारे. कागदांवरून त्यांची वंशवेल अठराव्या शतकापर्यंत मागे नेता आली. म्हणजे त्याच्याही आधी कुणी आफ्रिकन पुरुष तिथे स्थायिक झाला होता आणि त्याच्या लेकरांनी यॉर्कशायरचं नाव लावलं होतं. 'अस्सल इंग्लिश आडनाव' असं कुणी छाती काढून म्हणू लागलं की मला हा अभ्यास आठवतो.


उंबरठा

सगळं वाचतेय आणि मनात एकच येतंय. या साऱ्या गोष्टीत बायका कुठे आहेत? वीस पिढ्या मागे गेलं तर प्रत्येकाला गणिताने दहा लाखांहून जास्त पूर्वज होतात. त्यांतली वाय गुणसूत्राची रेघ म्हणजे फक्त एक. बाकीच्या सगळ्या आया, आज्या, पणज्या आणि त्यांचे बाप यांना आडनावाच्या अभ्यासात जागाच नाही. 'नामशेष झालेली' चार कुटुंबं खरंच नामशेष झाली का? त्यांच्या लेकी लग्न करून गेल्या, त्यांचं रक्त तिथेच त्या खोऱ्यात असेल. संपलं ते फक्त नाव.


पेशीकेंद्र

उंबरठाताई, मनापासून पटलं. आणि याला साजेसं उदाहरण पुन्हा लेस्टरचंच आहे. २०१२ साली तिथल्या वाहनतळाखाली इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा सापडला. तो त्याचाच आहे याची डीएनएतून खात्री झाली ती आईकडून सगळ्या मुलांना मिळणाऱ्या, पण पुढे फक्त लेकींमार्फत उतरणाऱ्या डीएनएवरून. राजाच्या बहिणीच्या लेकींच्या लेकींची साखळी आजच्या वंशजांपर्यंत जुळली. बापाकडून येणारं वाय गुणसूत्र मात्र कागदोपत्रीच्या वंशजांशी जुळलंच नाही. त्या पुरुषांच्या साखळीत कुठेतरी कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे होते. राजघराण्याच्या चोख वंशावळीत हे झालं. २०१४च्या या अभ्यासातही ट्युरी किंग होत्याच.


नदीकाठ

उंबरठाताई, तुमच्या प्रतिसादानंतर मी मूळ लेखातलं 'बाकीच्यांची नावं पुसली गेली' हे वाक्य पुन्हा वाचलं. नावं पुसली गेली एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. माणसं गेली नाहीत.

एक जोडतो. लोक इतकी शतकं त्याच खोऱ्यात का राहिले याला कायद्याचंही कारण होतं. १६६२च्या कायद्याने गरीब माणसाला मदत मिळे ती त्याच्या हक्काच्या पॅरिशमध्येच, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावातच. दुसरीकडे जाऊन हातपाय गळाले तर तिथले लोक त्याला त्याच्या मूळ पॅरिशकडे परत पाठवू शकत. त्यामुळे माणसं हलली तरी आठ-दहा मैलांच्या आत. पोटापाण्याची सोयही जवळच होती. मोजे विणायचं यंत्र १५८९ साली नॉटिंगहॅमशायरमधल्याच विल्यम ली यांनी बनवलं, आणि पुढे या भागात घरोघरी विणकाम आणि मग लेसचे कारखाने आले. पसरायची वेळ आली ती रेल्वे आणि मोठ्या शहरांमुळे.


पेन्सिल

लंडनचा ठिपका कुणी पाहिला का? व्हिक्टोरियन लंडनमध्ये ॲटनबरो हे नाव ऐकलं की लोकांना आठवायचं गहाणवटीचं दुकान. या आडनावाच्या लोकांच्या पेढ्या शहरात नावाजलेल्या होत्या. फ्लीट स्ट्रीट आणि चान्सरी लेनच्या कोपऱ्यावर जॉर्ज ॲटनबरो आणि पुत्र यांचं दुकान होतं, दागदागिने विकायचे आणि गहाणही ठेवून घ्यायचे.

मी कायद्याचा माणूस, मला हे नाव भेटलं ते 'ॲटनबरो विरुद्ध सॉलोमन' या खटल्यात. १९१३च्या निकालसंग्रहात तो छापला आहे. एका गृहस्थांनी मृत्युपत्रात दोन मुलांना व्यवस्थापक नेमलं. बाप जाऊन चौदा वर्षं झाल्यावर एका मुलाने घरातली चांदीची भांडी परस्पर ॲटनबरोंकडे ६५ पौंडांना गहाण टाकली. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं, इतक्या वर्षांत तो मृत्युपत्राचा व्यवस्थापक राहिला नव्हता, विश्वस्त झाला होता, आणि विश्वस्ताला एकट्याने असं गहाण टाकता येत नाही. भांडी परत करावी लागली, पेढीचे पैसे अडकले. विश्वस्त कायदा शिकणारे विद्यार्थी आजही हे नाव घोकतात.


सांजवात

नाव माणसांच्या पलीकडेही पसरलंय. फिलिपिन्समधल्या पालावान बेटावर उंदीर मावेल एवढ्या सुरईची एक कीटकभक्षी वनस्पती सापडली, तिला २००९ साली डेव्हिड ॲटनबरोंचं नाव दिलं. इंडोनेशियातल्या पापुआच्या सायक्लोप्स पर्वतात लांब चोचीची एक एकिड्ना (अंडी घालणारा काटेरी सस्तन प्राणी) आहे, तिलाही त्यांचंच नाव. दशकानुदशकं ती कुणाला दिसली नव्हती, ती २०२३ साली स्वयंचलित कॅमेऱ्यात दिसली. ट्रेंटकाठच्या गावाचं नाव पापुआच्या डोंगरात जाऊन बसलं, हे मला फार गोड वाटतं.


वहीचंपान

एक गंभीर बाजू राहतेय. आडनाव दुर्मीळ आणि गुणसूत्र जवळपास ठरलेलं, तर उलटही करता येईल. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या डीएनएवरून आडनावाचा अंदाज! निर्दोष माणसाच्या मागे ससेमिरा लागायचा. दुर्मीळ आडनावाची माणसं मोजकी, त्यांना लपायला जागा नाही.


पेशीकेंद्र

तुमची काळजी रास्त आहे. २००६ साली याच गटाने एकाच आडनावाच्या पुरुषांच्या १५० जोड्या तपासून हा उपयोग सुचवला होता. सुमारे चौथाई जोड्यांत जवळचा समान पूर्वज दिसला, आणि आडनाव जितकं दुर्मीळ तितकं हे प्रमाण जास्त. ते पोलिसांना फार तर कुठल्या यादीपासून सुरुवात करायची ते सांगेल. गुन्हा त्यावरून सिद्ध होत नाही. पण दुर्मीळ नावाच्या माणसाने आपला डीएनए कुठल्या संकेतस्थळावर द्यायचा हे चार वेळा विचार करूनच ठरवावं, कारण तो एकट्याचा डीएनए देत नाही. अख्ख्या भावकीचा देतो.


शब्दवेल्हाळ

माझा शेवटचा प्रश्न. जुन्या नोंदींत 'ॲटनबरो' आणि 'ॲटनबरा', 'ॲटनबॉरो' अशी निरनिराळी अक्षरं दिसतात. ही वेगळी घराणी धरायची की एकच? यादी करताना कुठे गाठ मारायची?


नदीकाठ

एकच धरून सुरुवात करा. १५३८ साली राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायला लावली. ती लिहायचा पाद्री किंवा कारकून, आणि तो लिहायचा कानावर पडेल तसं. ज्याचं नाव त्याला बहुतेकदा लिहिता-वाचता येत नसे, मग चूक दाखवणार कोण? १७५४पासून लग्नाच्या वहीत वधू-वरांनी सही करायची असा कायदा झाला. त्या वह्या पाहिल्यात तर कारकुनाच्या वळणदार अक्षरात नाव, आणि त्याच्यामध्ये फुलीची खूण, शेजारी 'अमक्याची निशाणी' असं दिसतं. पुढच्या पिढीत मुलगा सही करतो आणि आडनावाचं स्पेलिंग बदललेलं असतं, कारण ते त्याने शाळेत जसं शिकला तसं लिहिलं. १८३७ला सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आली तेव्हा कुठे एकेक स्पेलिंग पक्कं होऊ लागलं.

किंग आणि जोबलिंग यांनीही वेगळ्या स्पेलिंगचे ॲटनबरो एकाच गटात धरले होते, आणि दहातले नऊ हा हिशेब त्यांना धरूनच आहे. तेव्हा शोध घेताना नॉटिंगहॅमशायर आणि डर्बीशायरच्या वह्या आधी घ्या, 'ट' एक की दोन आणि शेवटची चार अक्षरं यांकडे काणाडोळा करा, आणि बापाचं नाव, गाव, धंदा जुळतो का तेवढं पाहा. कुणी शोधायला बसणार असेल तर इथेच लिहा, स्टेपलफर्डच्या जनगणनेच्या पानांपासून मिळून सुरुवात करू.